उजव्या पानाबद्दल : माझ्या धर्मशिक्षिकेस आभारपत्र

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनपासून आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या गावात) रविवारच्या सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधील उपासनेनंतर, दृढीकरण संस्काराच्या (बिशपांच्या हातून श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या) तयारीचा वर्ग मी घेते आहे. पहिल्या रविवारी समोर बावीस मुले बसली होती आणि हातात धर्मशिक्षणाचे पुस्तक होते. पण धड्याआधी मला आठवले ते मुलांना वही कशी आखायला सांगायची हे, आणि त्याच क्षणी तुमचे आभार मानायचे सत्तावीस वर्षे राहून गेले आहेत, हेही लक्षात आले. तुमचा पत्ता माझ्याकडे आहे. तरी हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण त्या वर्गात माझ्या शेजारी बसलेली मुलेमुली आज नालासोपाऱ्यापासून आखातापर्यंत पांगली आहेत आणि यातील बरेचसे आभार त्यांच्याही वतीने आहेत. स्वतःचा गाजावाजा तुम्हांला कधीच आवडला नाही, म्हणून तुमचे आणि शाळेचे नाव लिहीत नाही. वसईतील एक मराठी माध्यमाची कॅथलिक शाळा, एवढे पुरे आहे.

मी नववीत गेले ते १९९८ साल. त्याच वर्षी २२ मे रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे स्वतःचा बिशप असलेला विभाग, निर्माण झाला होता आणि चर्चच्या आवारात मोठी माणसे त्याच विषयावर बोलत असत. आम्हां मुलांच्या डोक्यात मात्र एवढेच होते की आता बिशप जवळच राहणार, म्हणजे दृढीकरणाच्या वेळी प्रश्न जास्त विचारणार. या धास्तीला कारण होते. आधीच्या वर्षी ज्यांच्याकडे आमचा धर्मशिक्षणाचा तास होता, त्यांच्या लेखी धर्मशिक्षण म्हणजे पाठांतर होते. दहा आज्ञा, सात संस्कार, पवित्र आत्म्याची सात दाने ज्याला न अडखळता म्हणता येतील तो श्रद्धावंत, आणि जो अडखळेल तो तास संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा. सात दानांतील 'ज्ञान' आणि 'सुज्ञता' या दोहोंत फरक काय, असे मी विचारले तेव्हा मलाही भिंत पाहावी लागली होती.

तुम्ही पहिल्या तासाला फळ्यावर काहीच लिहिले नाही. शंभर पानी वही आणायला सांगितलीत, तिला खाकी कव्हर घालून घेतलेत आणि म्हणालात, "डावे पान धड्याचे, उजवे पान तुमचे." डाव्या पानावर आम्ही पुस्तकातले उतरवून घ्यायचे, आणि उजव्या पानावर आठवडाभरात घरी, रस्त्यात किंवा मनात जे घडले त्यातले त्या धड्याशी ज्याची मैत्री असेल किंवा भांडण असेल ते लिहायचे. उजव्या पानाला गुण नव्हते आणि शुद्धलेखनाची लाल रेघही नव्हती. तुम्ही त्या पानावर पेन्सिलीने लिहीत असा; का, असे कोणी तरी विचारले तेव्हा म्हणालात, "पान तुमचे आहे. माझे म्हणणे नको असेल तर खोडता आले पाहिजे."

आज कबूल करते की पहिले दोन महिने मी उजव्या पानावर सरळ खोटे लिहिले. आमचे सारे कुटुंब रोज संध्याकाळी गुडघे टेकून जपमाळेची प्रार्थना करते, असे मी वळणदार अक्षरात लिहिले होते. वस्तुस्थिती अशी की बाबा पहाटेच्या लोकलने फुलांची टोपली घेऊन दादरला जात आणि संध्याकाळी जपमाळेच्या दुसऱ्या रहस्यापर्यंत, म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंत, पोहोचायच्या आत भिंतीला टेकून घोरू लागत. तुम्ही खाली लिहिलेत, 'घर छान आहे. कोणाचे?' पुढचे आठ दिवस मी तुमच्या नजरेला नजर दिली नाही. त्यानंतर मात्र बाबांच्या घोरण्यासकट सगळे खरे लिहिले, आणि त्याखाली तुमची ओळ होती, 'हे घर ओळखीचे वाटले.'

आमच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले ख्रिस्ती नव्हती. धर्मशिक्षणाचा तास आला की आम्ही तुमच्याकडे आणि ती मुले शेजारच्या वर्गात नीतिशिक्षणाला, अशी दरवेळी बाकांची हलवाहलव होत असे. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला ही ताटातूट मान्य नव्हती, शिवाय वहीचे कुतूहल होतेच. तिने तुमच्या तासाला बसायची परवानगी मागितली तेव्हा तुम्ही आनंदाने होकार द्याल, असे आम्हांला वाटले होते. तुम्ही तिला शांतपणे सांगितलेत की वडिलांची लेखी संमती आणल्याशिवाय तुला इथे बसता येणार नाही. आम्हांला तेव्हा तो कोरडेपणा वाटला. पुढे डी.एड.ला असताना राज्यघटनेचा २८ वा अनुच्छेद वाचला आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला बसण्याची सक्ती करता येत नाही, हे कळले. ती तर आपणहून येत होती, म्हणजे कायद्याच्या अक्षराची हरकत असायचे कारणही नव्हते. तुम्ही त्याच्याही पुढे जाऊन तिच्या वडिलांचा मान राखत होता. वडिलांनी चिठ्ठी दिली नाही. तेव्हा तुम्ही तिला वेगळी वही दिलीत, जिच्यात डावे पान तिच्या आजीच्या हरिपाठाचे होते. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारत नाही, असे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केले, हे मी वर्गात आता तारखेसह सांगते. मला स्वतःला ते समजले होते त्या वहीमुळे.

भाषेबद्दलही लिहिले पाहिजे. घरी आम्ही वसईकडची सामवेदी बोली बोलत असू, शाळेत प्रमाण मराठी, आणि इंग्रजी माध्यमातील चुलत भावंडे इंग्रजीत प्रार्थना म्हणू लागली की आपली प्रार्थना थोडी गावंढळ आहे असे उगाचच वाटे. तुम्ही एकदा सांगितलेत की फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले आणि इंग्लंडहून आलेल्या त्या माणसाने ख्रिस्तकथेसाठी मराठी ओवीच निवडली. त्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मग आपली आजी ओवीत रडते तेही चालेल." तुम्ही हसला नाहीत. त्याला उजव्या पानावर सामवेदीत लिहायची परवानगी दिलीत आणि जे तुम्हांला समजत नसे ते त्याच्याकडून समजावून घेतलेत. संत गोन्सालो गार्सिया यांच्याबद्दल आमच्याकडे प्रवचनांतून पुष्कळ ऐकायला मिळते. वसईत जन्मलेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर मारला गेलेला आणि १८६२ साली संतपद मिळालेला हा आपला माणूस. पण तो धर्मगुरू नव्हता, फ्रान्सिस्कन संघाचा व्रतस्थ ब्रदर होता आणि मिशनऱ्यांसाठी जपानी भाषेत दुभाष्याचे काम करत होता, यावर थांबणाऱ्या तुम्हीच पहिल्या. एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचवावे, मध्ये आपले घुसडू नये, हेच त्याचे रोजचे काम होते, असे तुम्ही म्हणाला होता. धर्मशिक्षकाचे काम काय, असे मला आज कोणी विचारले तर मी हेच सांगते.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे त्याकडे वळते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये चार दिवसांच्या तापाने बाबा गेले. सातव्या दिवसाची मिस्सा झाली, घरी येणारी माणसे कमी झाली, आणि मी शाळेत परत आले तेव्हा डाव्या पानावरचा धडा 'देव आपला पिता' हा होता. उजव्या पानावर मी एकच वाक्य लिहिले, ते इथे पुन्हा लिहवत नाही. पेनाच्या टोकाने कागद फाटला होता, एवढे सांगितले तरी पुरे. ही वही आता मुख्याध्यापकांकडे जाणार, आईला बोलावणे येणार, कदाचित दृढीकरणातून नाव कमी होणार, अशा तयारीने मी ती तुमच्या टेबलावर ठेवली होती. वही परत आली तेव्हा फाटलेल्या जागी मागून चिकटपट्टी लावलेली होती आणि खाली पेन्सिलीने एवढेच होते : 'स्तोत्र ८८.'

घरी आजोबांचे जुने इंग्रजी बायबल होते. त्यात ८८ वे स्तोत्र काढले तर ते परमेश्वराच्या दयेचे सदैव गुणगान करण्याबद्दल निघाले! माझा संताप इतका झाला की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तुम्हांला तसे तोंडावर सुनावले. तुम्ही आधी गोंधळला, मग तुमच्या लक्षात आले की आजोबांचे बायबल लॅटिन परंपरेच्या क्रमांकांचे आहे आणि त्यात तुमचे ८८ वे स्तोत्र ८७ वे म्हणून छापले आहे. तुम्ही कपाटातून मराठी बायबल काढलेत आणि तिथेच, खडूची धूळ बसलेल्या खिडकीशी उभे राहून, मला ते वाचायला लावलेत. रात्रंदिवस हाका मारणारा, तू माझ्यापासून तोंड का लपवतोस असे देवालाच विचारणारा तो माणूस. इतर बहुतेक विलापाची स्तोत्रे शेवटी कुठे तरी आशेकडे वळतात, हे शेवटपर्यंत वळत नाही. त्याचा शेवट अंधारात होतो. मी शेवटच्या ओळीनंतर पान उलटून पाहिले. पुढे काही नव्हते, पुढचे स्तोत्र सुरू झाले होते. तुम्ही म्हणालात, "आम्ही सिस्टर दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी हेच म्हणतो. ज्यांना अंधार नाही त्यांनीही म्हणायचे, ज्यांना आहे त्यांच्यासाठी." यापलीकडे तुम्ही काही समजावले नाही, बाबा देवाघरी सुखात आहेत असेही म्हणाला नाहीत, आणि घंटा झाल्यावर मला वर्गात पाठवलेत.

त्या दुपारी माझी श्रद्धा परत आली, असे मी लिहिणार नाही, कारण तसे झाले नव्हते. त्या वर्षी मी दृढीकरण घेतलेच नाही. तुम्ही एका शब्दाने आग्रह केला नाहीत, उलट आईची समजूत घातलीत. शेजारपाजारच्या बोलण्याचा तिला काय त्रास झाला असेल हे मला आज कळते. दोन वर्षांनी मी आपणहून नाव दिले. मधल्या काळात माझी तक्रार प्रार्थनेच्या पुस्तकातच बसते आहे, तिला बाहेर काढलेले नाही, एवढ्या आधारावर मी चर्चच्या मागच्या बाकावर बसत राहिले.

शिकवण्याच्या बाजूला आल्यावर त्यातले कष्ट कळतात. बावीस वह्या वाचायला मला शनिवारची पूर्ण रात्र लागते; तुमच्याकडे तर नववीच्या दोन तुकड्या होत्या आणि वर शाळेचे सगळे काम होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ख्रिस्ती शिक्षणावरील जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. हे वाक्य पालकसभांत सगळेच ऐकवतात. पण घरचे जेवणखाण, भांडण आणि घोरणे वर्गात आणायला जागा ठेवल्याशिवाय त्याचा उपयोग काय, असा प्रश्न मला पडतो. पाठांतराला मात्र मी तुमच्यापेक्षा थोडी अधिक जागा देते, हे सांगून टाकते. बाबांच्या अंत्यविधीत मला स्वतःचा एकही शब्द सुचला नव्हता, तेव्हा जिभेवर आली ती पाठ असलेली 'नमस्कार मारिया' ही प्रार्थना. म्हणून मुलांकडून मी प्रार्थना पाठ करून घेते, फक्त कोणाला भिंतीकडे उभे करत नाही.

ती खाकी कव्हरची वही अजून माझ्याकडे आहे. पेन्सिलीचे अक्षर पुसट झाले आहे, पण वाचता येते. मी त्यातले काहीच खोडले नव्हते. गेल्या आठवड्यात माझ्या वर्गातील एका मुलाने उजव्या पानावर लिहिले आहे : 'सात दानांपैकी मला फक्त धैर्य हवे आहे, बाकीची सहा परत करता येतील का?' त्याच्या घरी काय चालले आहे याची मला थोडी कल्पना आहे. तीन दिवस झाले, पेन्सिल हातात घेते आणि खाली ठेवते. रविवारपर्यंत वही परत द्यायची आहे, सिस्टर. तुम्ही काय लिहिले असते, ते कळवाल का?

तुमची विद्यार्थिनी,
नववी अ, खिडकीकडून दुसरा बाक
वसई