शिंपीकाका, कॅलेंडरातल्या त्या दोन शब्दांबद्दल

शिंपीकाका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. आळीतल्या लोकांना कळायचं ते कळेलच.

बदली होऊन मराठवाड्यातून सावंतवाडीत आले तेव्हा डिपॉझिट, गॅस, कपाट यातच पगार संपत होता. संध्याकाळी मोती तलावाला फेरी मारायची आणि खोलीवर यायचं. ऑफिसात विचारलं, इथे नाटक-बिटक कुठे बघायला मिळतं? "इथे काय आहे मॅडम? शनिवारी गोव्याला जा." जन्म इथे काढलेली माणसं हे सांगत होती! एका माहिती केंद्रात गेले, तर समुद्रकिनाऱ्यांचं चकचकीत पत्रक हातात ठेवून ते गृहस्थ पुन्हा मोबाइलमध्ये शिरले. शेवटी एका हॉटेलात 'सांस्कृतिक संध्या' बघितली, जेवणासकट नऊशे रुपये. दशावतार, म्हणजे देवळांत रात्रभर चालणारं इथलं लोकनाट्य, म्हणून जे काही दाखवलं ते सोलकढी येईस्तोवर आटोपलं, आणि त्यातला राक्षस, संकासुर, पाहुण्यांबरोबर सेल्फी काढत उभा. त्या कलाकाराचा काय दोष, पोट सगळ्यांनाच आहे. पण राग अजून गेलेला नाही.

तुमच्याकडे आले ती ब्लाउज टाकायला. मशिनवर मखमलीचा अंगरखा होता, खांद्याची जर उसवलेली. मी बघत राहिले तर तुम्ही म्हणालात, राजपार्टीचा आहे, म्हणजे दशावतारात राजाचं काम करणाऱ्याचा, जत्रा सुरू व्हायच्या आत द्यायचाय. पावसाळ्यात शेती करणारी ही माणसं कार्तिकात पेटारे उघडतात आणि मग गावोगावच्या देवळांत रात्री जागवतात, हे मला तुमच्या दुकानात कळलं. मी बावळटासारखं विचारलं, तिकीट किती? तुम्ही सुईत दोरा ओवता ओवता म्हणालात, "तिकीट खयचा? देवाच्या दारात तिकीट नसता."

ब्लाउज न्यायला येताना घरातलं कॅलेंडर घेऊन या म्हणालात. मला वाटलं गंमत. पण तुम्ही खरंच ते कटिंगच्या टेबलावर पसरलंत, कापडाचे तुकडे बाजूला सारलेत आणि चौकोनाचौकोनात गावं लिहायला लागलात. कार्तिक वद्य प्रतिपदा, सोनुर्ली. पुढे आरवली, मग मी कधी न ऐकलेल्या वाड्या. जत्रा तिथीवर चालतात, त्या कुठल्या पत्रकात सापडणार? मंडळांची नावंही लिहिलीत, कुठल्या मंडळाची स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारा पुरुष, बघण्यासारखी हेही. आणि रात्रीच्या प्रत्येक गावापुढे, मी काही न विचारता, दोन शब्द लिहिलेत: काकी सोबत.

काका, हे पत्र त्या दोन शब्दांसाठी आहे. फुकट कार्यक्रम पुष्कळ असतात हो. पण नवख्या गावात, आडवाटेच्या देवळात, मध्यरात्री सुरू होणाऱ्या नाटकाला एकटी बाई जाणार कशी, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. ते विचारायला गेलं की समोरचा आधी "मिस्टर कुठे असतात?" म्हणतो. तुम्ही ते विचारलं नाहीत. काकींनीही नाही. त्यांनी फक्त, थंडी पडते, शाल घे, एवढंच सांगितलं.

आणि मग ती रात्र! आधी पेटाऱ्यातल्या गणपतीची पूजा, मग रिद्धी-सिद्धी, मग वेद पळवणारा संकासुर, काळा बुरखा, लोंबती लाल जीभ. पुढे बसलेली पोरं किंचाळून आयांच्या कुशीत. एक लाकडी बाक, तोच सिंहासन, तोच पर्वत. संहिता लिहिलेली नसते, आख्यान ठरलं की संवाद जागेवर सुचतात, हे काकींनी कानात सांगितलं तेव्हा मी थक्क झाले. दोन राजे अर्धा तास एकमेकांना शब्दांत पकडत होते, एक फसला की पखवाजवाला थाप मारून त्याला सोडवत होता. काकी प्रत्येक वळणाच्या आधीच "हो आता फसतलो बघ" म्हणून मोकळ्या. खर्च विचाराल तर टमटमचं भाडं, चहा आणि घरी न्यायला खाजं, जत्रेतला गोड खाऊ.

त्यानंतर तुम्ही सांगत गेलात आणि मी जात गेले. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, हाताने रंगवणारे कलाकार बघितले; दशावतारी गंजिफाचे दहा रंग, 120 गोल पानं, आदल्या आठवड्यात देवळात नाचलेला नृसिंह तिथे तळहातापेक्षा लहान होऊन बसलेला. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली गोष्ट, आणि कळसूत्री बाहुल्या बघितल्या. तिथले परशुराम गंगावणे, ज्यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय थाटलं. हे सगळं माझ्या खोलीपासून एसटीच्या टप्प्यात होतं आणि मला गोव्याला पाठवत होते!

तुमच्यासारखी माणसं मोठं काही केल्याचा आव आणत नाहीत. आभार मानायला आले तर तुम्ही "बाही ठीक बसली मा?" विचारलंत आणि विषय संपवलात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे, आता विषय बदलता यायचा नाही.

एक विनंती मात्र आहे. आमच्या ऑफिसात दोन मुली नव्याने रुजू झाल्यात, एक धुळ्याची, एक नागपूरची. त्यांनाही कोणीतरी गोव्याची वाट दाखवून झालंय. सोनुर्लीच्या टमटममध्ये दोघींची जागा होईल का, काकींना विचारून ठेवा. शाली मी आणते.

तुमची,
ब्लाउजवाली मॅडम