नाक गळतं म्हणून साठ हजारांचा डोस नको

मा. संपादक,
स. न.

मुलाला महिनोन्‌महिने शिंका, नाक चोंदलेलं, रात्री तोंडाने श्वास. कोणीतरी सुचवतं म्हणून ड जीवनसत्त्वाची तपासणी होते, अहवालात २२ हा आकडा ठळक छापून पुढे ‘अपुरे’ असा शेरा येतो आणि त्याच संध्याकाळी ६०,००० युनिटची बाटली घरात येते. हे आता इतकं सर्रास झालं आहे की त्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

आधी त्या २२ बद्दल. बऱ्याच प्रयोगशाळा ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही खालची मर्यादा छापतात. मुलांच्या हाडांसाठी मात्र २०१६ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने आणि २०२१ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने (आयएपी) धरलेली मोजपट्टी वेगळी आहे: २० च्या वर पुरेसं, १२ ते २० अपुरं, १२ च्या खाली कमतरता. म्हणजे २२ असलेल्या मुलाला उपचारांची गरजच नाही. अहवालावरचं एककही पाहावं. काही ठिकाणी नॅनोमोलमध्ये आकडा देतात. त्याला अडीचने भागलं की नॅनोग्रॅम मिळतात.

कमतरता आहेच, ती कोणी नाकारत नाही. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १२ च्या खाली असलेली मुलं १ ते ४ वर्षांच्या गटात १४ टक्के, ५ ते ९ मध्ये १८ टक्के आणि १० ते १९ मध्ये २४ टक्के निघाली. जिथे पाच-सहा मुलांमागे एकात कमतरता आहे आणि ॲलर्जीची सर्दीही घरोघरी आहे, तिथे दोन्ही गोष्टी एकाच मुलात सापडणारच. म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही.

संशोधन काय सांगतं? रोगप्रतिकारक पेशींवर ड जीवनसत्त्वाचे ग्राहक (म्हणजे ते पकडणाऱ्या जागा) असतात, त्यामुळे संबंधाची शंका रास्त आहे. अमेरिकेच्या २००५-०६ च्या आरोग्य पाहणीत १५ च्या खाली पातळी असलेल्या मुलांमध्ये तपासलेल्या १७ पैकी ११ ॲलर्जीकारकांविरुद्धची प्रतिपिंडं जास्त आढळली. प्रौढांमध्ये असं काही दिसलं नाही. याउलट उत्तर फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षी नियमित २००० युनिट मिळाले होते, त्यांच्यात वयाच्या ३१ व्या वर्षी ॲलर्जीची सर्दी कमी नव्हे, जास्त निघाली. ही दोन्ही निरीक्षणं आहेत. सतत शिंकणारं मूल घरातच जास्त राहतं, ऊन कमी मिळतं आणि पातळी घसरते, असा उलटा प्रवासही शक्य आहे. प्रत्यक्ष औषध देऊन केलेल्या चाचण्या थोड्या. पोलंडमध्ये गवताच्या परागांची ॲलर्जी असलेल्या मुलांना हंगामात रोज १००० युनिट दिल्यावर लक्षणं काहीशी कमी झाली, पण ती चाचणी छोटी होती. दम्याच्या मुलांवरची, रोज ४००० युनिटची अमेरिकी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दम्याचा तीव्र झटका येण्याआधीचा काळ वाढला नाही. एवढ्या आधारावर नाकासाठी ड जीवनसत्त्व लिहून देता येत नाही.

आता धोका. ६०,००० चा डोस देतात तेव्हा तो आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांपुरता असतो. छोट्या बाटलीतलं गोड औषध ‘रोज एक’ समजून दिलं जातं, तिथे घात होतो. ४ ते ८ वर्षांच्या मुलासाठी रोजची सुरक्षित कमाल मर्यादा ३००० युनिट मानतात. म्हणजे ही रोजची वीसपट मात्रा. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे औषध थांबवलं तरी परिणाम कित्येक आठवडे रेंगाळतो. रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी, पुढे मूत्रपिंडात कॅल्शियम साचणं. उलट्यांचं कारण शोधताना ती बाटली कोणाला आठवतही नाही. बाळांच्या थेंबांतही असाच घोळ होतो: बाजारात १ मिलिलिटरमध्ये ४०० युनिटचे थेंब मिळतात, तसेच ८०० चेही. बाटली बदलली तर ड्रॉपर त्याच बाटलीचा वापरावा आणि मिलिलिटर नव्हे, युनिट वाचावेत.

द्यायचं ते असं: जन्मापासून वर्षभर प्रत्येक बाळाला रोज ४०० युनिट, नाक गळो वा न गळो. त्यानंतरची रोजची गरज साधारण ६००. मुडदूस सिद्ध झाला तर १ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ३००० ते ६००० युनिट, सोबत रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, किमान तीन महिने, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तपासणी करावी ती वाकलेले पाय, चालायला उशीर, फिट्सची औषधं, यकृत-मूत्रपिंडाचे आजार अशा मुलांची. उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांच्या आत पुन्हा रक्त काढण्यात अर्थ नाही, पातळी स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. आणि बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची आपली जुनी सवय प्रेमाची असली तरी त्या उन्हात ड जीवनसत्त्व घडवणारे किरण फारच थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं. खिडकीच्या काचेतून आलेलं मुळीच नाही.

नाकाला हवे ते उपचार बहुतेक घरांत अर्धवट होतात. आठवड्यात चार किंवा जास्त दिवस आणि सलग चार किंवा जास्त आठवडे त्रास असेल, झोप वा शाळा बिघडत असेल, तर मुख्य औषध म्हणजे नाकातला स्टिरॉइड स्प्रे. मोमेटासोन २ वर्षांपासून चालतं; ११ वर्षांपर्यंत प्रत्येक नाकपुडीत रोज एकच फवारा. नवी बाटली आधी हवेत दाबावी, बारीक धुकं येईपर्यंत. मान किंचित पुढे झुकवावी, मागे टाकू नये. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने राहतं. मधल्या पडद्यावर फवारलं की तिथे जखम होऊन रक्त येतं आणि आईवडील औषधच बंद करतात. जोरात ओढून घेतलं तर औषध घशात जातं. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडलेल्या बाटल्या घरोघरी सापडतील. स्प्रे दीर्घकाळ चालला तर दर सहा महिन्यांनी उंची मोजावी.

स्प्रेआधी नाक मिठाच्या पाण्याने धुवावं: उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, रोज ताजं. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी तसंच नाकात घालू नये. चोंदलेलं नाक झटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलीनचे थेंब डॉक्टरांनी दिले असतील तरी पाच दिवसांच्या पुढे नकोत. नाक त्यांच्यावाचून उघडेनासं होतं. माँटेलुकास्टच्या गोळीवर वर्तणुकीतल्या बदलांबद्दल अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० मध्ये सर्वांत ठळक इशारा घातला, तरी ती आपल्याकडे सर्दीत सहज दिली जाते.

घरातलं मूळ बहुधा अंथरुणात असतं. गोधडी उन्हात टाकली की धुळीतले किडे मरतात, पण ॲलर्जी त्यांच्या विष्ठेची, ती तशीच राहते. म्हणून अभ्रे-चादरी आठवड्याला सुमारे ६० अंश गरम पाण्यात धुवाव्यात आणि गादी खोलीत झटकू नये. पावसाळ्यातली भिंतीची बुरशी, झुरळं, डासांची कॉइल, उदबत्ती यांचीही दखल घ्यावी. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर ॲलर्जीचा विचार बाजूला ठेवून आत मणी किंवा शेंगदाणा अडकला आहे का, हे त्याच दिवशी डॉक्टरांकडून पाहून घ्यावं.

– एक बालरोगतज्ज्ञ, पुणे