ब्रेकच्या आधी नजर

‘धोका दिसताच ब्रेक दाबा’ हा शिकाऊ चालकांवरील लेखातला (रविवार पुरवणी) सल्ला अपुरा वाटतो. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पोहोचायला दीड सेकंद लागला, तर वेग कमी होण्याआधीच २५ मीटर संपतात. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतरही वाढते. म्हणून शिकवायला हव्यात त्या धोक्याआधीच्या खुणा: कडेला उभ्या गाडीची वळलेली पुढची चाके, तिच्याखालून दिसणारी पावले, आणि सर्वांत फसवी म्हणजे थांबलेल्या बसपुढची न दिसणारी जागा. खूण दिसताच आरशात मागचे वाहन पाहावे, अ‍ॅक्सिलरेटर सोडून पाय ब्रेकवर न दाबता तयार ठेवावा. नवशिके नेमके याच क्षणी घाबरून स्टीअरिंग फिरवतात आणि शेजारच्या दुचाकीला धडकतात.

– एक वाहनचालन प्रशिक्षक