डाव्या पायाचा आवाज

पुणे, रविवार, दुपारचे ३

प्रिय सुमे,

आज तळजाईवर ५ किलोमीटर पळाले. मध्ये एकदाही चालले नाही. ३९ मिनिटं लागली. गाडीपाशी आले, किल्ली काढली आणि सवयीने तुझा नंबर लावायला गेले. लावला नाही. आठ महिने जिला धड एक फोन केला नाही, तिला एकदम 'अगं, पळाले' म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून पत्र. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, हाही एक फायदा.

घरचं सगळं ठीक. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आईचा गुडघा तसाच, माझं हिमोग्लोबिन वर आलंय. बास.

फोन का केला नाही ते आधी सांगून टाकते. पायात डॉक्टरांनी दिलेला आधाराचा बूट होता, ऑफिसचं ऑडिट होतं, सासूबाईंचे डोळे होते, यातलं काहीच खोटं नाही. पण खरं कारण वेगळं. तू डिसेंबरात नाशिकला गेलीस, महिन्याभरात तुला तिथे नवा ग्रुप मिळाला आणि गंगापूर रोडवरचे पहाटेचे फोटो यायला लागले. ते मला बघवेनात. मुंबई मॅरेथॉनचं मेडल गळ्यात घालून तू फोटो टाकलास, त्यावर मी अंगठा दाखवला आणि फोन उशीखाली पालथा घातला. पेडर रोडच्या चढावर तू एक पाऊलसुद्धा चालली नाहीस, हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं ग. विचारलं नाही ते मीच.

आणि या सगळ्याच्या मागे बोपदेव घाट आहे, ते तुलाही माहीत आहे.

ऑगस्टातला तो रविवार मी इतक्या वेळा आठवलाय की आता त्यातलं खरं किती आणि माझ्या मनाचं किती, ते कळत नाही. पण एवढं पक्कं आठवतं. आपण घाट उतरत होतो, पाऊस नुकता थांबला होता, आणि तू म्हणालीस, "तुझा डावा पाय जोरात वाजतोय." मी म्हटलं, कसा? तर म्हणालीस, "उजवा टप, डावा थाप." मी हसण्यावारी नेलं. पुढे दोन किलोमीटरवर तू परत तेच बोललीस आणि वर म्हणालीस, साताऱ्याच्या शर्यतीआधी डॉक्टरला दाखव. तेव्हा मी ते वाक्य बोलले: "मी थांबले तर साताऱ्यात तू पुढे जाशील, म्हणून चाललंय हे." तू काहीच बोलली नाहीस. खाली टपरीवर अर्धा चहा टाकून उठलीस. पहिल्या किलोमीटरपासून 'चहा कुठे घ्यायचा' विचारणारी तू, तुला चहा टाकताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

जोन बेनॉइटचं उदाहरणही मी त्याच दिवशी तुझ्या तोंडावर फेकलं होतं. १९८४ साली गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर १७ दिवसांत ती अमेरिकेची ऑलिंपिक निवड स्पर्धा जिंकली, आणि ऑगस्टात लॉस एंजेलिसला बायकांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन. बघ, ती पळाली की नाही! पुढे घरात पडून होते तेव्हा नीट वाचलं. तिचा गुडघा आधी दुर्बिणीने दुरुस्त केला होता, मग ती पळाली. माझ्या नडगीच्या हाडाला बारीक चीर जात होती आणि मी दुरुस्तीच्या आधीच पळत होते. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. तुला तो न वाचताच कळला होता.

साताऱ्याचं तुला माहीत आहे, तू मागेच होतीस. जाताना चढावर काही नाही, धुकं, ढोल-ताशे, सगळं छान. परतताना यवतेश्वरच्या उतारावर १७व्या किलोमीटरला नडगीच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, कुणी सुई खुपसावी तसं झालं. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'थाप' मान्य करावं लागलं असतं. पळतच खाली आले.

नंतरचं तुला तुकड्या-तुकड्यांनी कळलं असेल. एक्स-रे साफ आला. पहिल्या डॉक्टरांनी स्नायू ताणलाय म्हणून बर्फ आणि गोळ्या दिल्या. मला तेच ऐकायचं होतं, दोन आठवड्यांनी परत पळाले. अशी बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसली, तोवर ऑक्टोबर संपत आला होता. स्नायूचं दुखणं नडगीभर पसरतं, हाडाचं एका बोटावर मावतं, हे मला आता झोपेत विचारलं तरी सांगता येईल.

बरं, तेव्हा तरी शहाणी व्हावं? जानेवारीत, तुझ्या मुंबईनंतरच्या आठवड्यात, कुणाला न विचारता जिममध्ये ट्रेडमिलवर चढले आणि एकदम ५ किलोमीटर पळाले. दम लागला नाही. श्वास इतका छान चालला होता की मला वाटलं, संपलं दुखणं. चौथ्या दिवशी जिना उतरताना तेच नाणं, तीच सुई. परत बूट, परत सहा आठवडे. त्या रात्री मी जितकी रडले तितकी साताऱ्यानंतरही रडले नव्हते, कारण या वेळी माझ्याशिवाय कुणालाच दोष देता येत नव्हता.

नव्या फिजिओ बाई भेटल्या त्या यानंतर. तुझ्यासारख्याच आहेत, गोड बोलत नाहीत. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी डायरीत लिहून ठेवलीय. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात, हाडाला महिने लागतात. हाडावर ताण आला की शरीर आधी खराब भाग काढतं आणि मग नवा भरतं, रस्ता दुरुस्त करताना आधी उकरतात तसं. त्या मधल्या काळात हाड उलट जास्त कच्चं असतं. म्हणजे ज्या दिवशी वाटतं 'आता मी कितीही पळेन', नेमक्या त्याच दिवशी सांभाळायचं. सुमे, माझी सगळी भीती या एका वाक्यात आहे. त्याच्याकडे येतेच.

मार्चपासून तलाव. महिलांची बॅच दुपारी, त्यामुळे ऑफिसातून सवलत काढून जायचं. कमरेला फोमचा पट्टा, पाय तळाला लागत नाहीत अशा खोल पाण्यात उभं राहून पळायचं. हात पळताना हलतात तसेच, गुडघे वर, आणि पुढे काही जायचं नाही. ४० मिनिटं! भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एवढा सावकाश फिरताना मी आयुष्यात पाहिला नव्हता. शेजारी पोहायला शिकणाऱ्या आजी विचारायच्या, "बाळ, तू पोहत का नाहीस?" मी म्हणायचे, पळतेय. आजी पुढच्या वेळी दुसऱ्या आजींना घेऊन आल्या, दाखवायला. तू असतीस तर दोघींना पट्टे बांधून पाण्यात उतरवलं असतंस.

एक दिवसाआड सायकल, घरातच स्टँडवर लावून. आणि ताकदीचे व्यायाम, ज्यांना आपण दोघी दहा वर्षं 'नंतर करू' म्हणत आलो. एका पायावर टाचा उचलायच्या. डाव्या पायाने सुरुवातीला ७ झाल्या, आता २५ होतात. मग खुर्चीत बसून, मांडीवर तांदळाची १० किलोची पिशवी ठेवून त्याच टाचा. सासूबाईंनी पहिल्या दिवशी पिशवी शोधून घर डोक्यावर घेतलं होतं. आता रात्रीच्या मालिकेच्या वेळी त्याच ती आणून माझ्या मांडीवर ठेवतात.

मे महिन्यात एक मिनिट पळायचं, चार मिनिटं चालायचं. एक दिवसाआड, मातीवर. पहिलं मिनिट मी तळजाईच्या गेटापासून आत त्या वळणापर्यंत पळाले, जिथे तू साप पाहिला म्हणतेस आणि मी काठी होती म्हणते. (काठीच होती.) मिनिट संपल्यावर मोर ओरडला, आणि मला इतकं भरून आलं की रस विकणाऱ्या काकांनी खुर्ची दिली.

पालखी पुण्यातून निघाली त्या दिवशी शेजारच्या काकू दिवे घाट चढून सासवडला गेल्या. मी सोबत निघाले, पण फिजिओ बाईंनी दोन तास म्हणजे दोन तास सांगितलं होतं. हडपसरला माऊलींना हात जोडले आणि परत फिरले. सगळा रस्ता एका दिशेने चालला होता आणि मी एकटी उलटी. त्या वेळी तुझी फार आठवण आली. तू असतीस तर मला दंडाला धरून फिरवलं असतंस, मला स्वतःला फिरवावं लागलं नसतं.

आता आजचं. चार किलोमीटर अगदी शिस्तीत गेले. पावलं पूर्वी मिनिटाला १६० पडायची, आता १७० ठेवते. छोटी पावलं, त्याने नडगीवरचा भार कमी होतो. मग पाचव्या किलोमीटरला निळ्या टीशर्टातल्या दोन मुली गप्पा मारत माझ्या पुढे गेल्या. आणि सुमे, मी त्यांच्या मागे गेले. ठरवून नाही. पायच गेले. तो किलोमीटर ६ मिनिटं १० सेकंदांत झाला. घरी येऊन घड्याळात बघितलं आणि छातीत धस्स झालं. श्वासाला काहीच पडलेलं नव्हतं, अजून पाच सहज झाले असते. जानेवारीत ट्रेडमिलवर वाटलं होतं, हुबेहूब तसंच.

आता दुपारपासून मी नडगी दाबून बघतेय. रोज सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी एकदा अंगठ्याने दाबते, मग दात घासताना डाव्या पायावर दहा लंगडी उड्या मारते. तेवढंच करायला सांगितलंय. आज अंघोळीनंतर दाबलं, जेवायच्या आधी दाबलं, हे पत्र लिहायला बसताना दाबलं. आता तिथे काहीतरी आहे. पण ते हाडाचं दुखणं आहे की इतक्या वेळा दाबल्याचं, ते कळत नाही. हात पाठीमागे ठेवून बसावं तर मन तिथेच. घरात कुणाला सांगितलं की म्हणतात, मग नको ना पळूस. त्यांचं चुकत नाही, पण त्यांना कसं सांगू की न पळता मी कशी होते ते त्यांनीही पाहिलंय.

२०२५च्या जुलैत आपला अडथळ्यांच्या शर्यतीतला (स्टीपलचेस) अविनाश साबळे मोनॅकोला पाण्याच्या उडीपाशी पडला, ती रात्र आठवते? तू माझ्याकडेच राहिली होतीस. गुडघ्याचं लिगामेंट गेलं, शस्त्रक्रिया झाली, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. तेव्हा आपण हळहळलो ते त्याच्या वेळेसाठी, त्याच्या शर्यतींसाठी. आता मला वेगळंच वाटतं. पहिल्यांदा परत अडथळ्याकडे धावत जाताना त्याला काय वाटत असेल? पाय बरा झाला तरी त्या पायावर भरवसा कधी बसतो? माझं पळणं ते काय, पण हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही आणि तो विचारायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

यंदा साताऱ्याला नाव दिलं नाही, हे ऐकून तुला बरं वाटेल. पान उघडलं होतं. बंद केलं. दहा किलोमीटरची एखादी शर्यत डिसेंबरात करावी असं मनात आहे, पण ते फिजिओ बाईंना आणि तुला विचारून.

बोपदेवचं वाक्य मी परत घेते. ते त्या दिवशी तिथेच, टपरीवर परत घ्यायला हवं होतं. तू माझ्यापुढे जायला निघाली असतीस तर पाय वाजतोय हे सांगितलंच नसतंस, इतकं साधं मला कळलं नाही.

तुझं काय? घराचा ताबा मिळाला का? लेकीला बारावीत किती पडले, आणि तिला पुण्यात यायचं असेल तर माझ्याकडे खोली आहे, हॉस्टेल शोधत बसू नका. तुझ्या साहेबांचा पाठीचा त्रास कसा आहे? आणि ती लाल टोपी अजून घालतेस का, की नव्या ग्रुपने टाकायला लावली? टाकू नकोस. धुक्यात तू लांबून त्या टोपीमुळेच ओळखू यायचीस.

एक मागायचं आहे. आज पळताना मी माझ्याच पावलांकडे कान देऊन होते. चारही किलोमीटर टप टप असंच ऐकू आलं. पण साताऱ्याच्या आधीसुद्धा मला तसंच ऐकू येत होतं. माझ्या कानाला मला हवं तेच ऐकू येतं. दुसऱ्या शनिवारी मला सुट्टी आहे, पहाटेची गाडी पकडून येते. गंगापूर रोडवर नको, तुझ्या ग्रुपबरोबर नको, कुठल्यातरी मातीच्या रस्त्यावर आपण दोघीच तीन किलोमीटर पळू, सावकाश. मी पुढे, तू माझ्या मागे दोन पावलांवर. काही बोलू नकोस, नुसतं ऐक. डावा वाजला तर सांग. मी तिथेच थांबेन, आणि मग चहा.

तुझी,
नंदा