ज्युपिटर एसबद्दल, तुला

मँचेस्टर
रविवार सकाळ

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं. येताना ज्युपिटर एस, तो ऐंशीच्या दशकातला छोटा घरगुती संगणक, घेऊन ये म्हणतोस. लायब्ररीतल्या जुन्या मासिकात तिची जाहिरात बघत आपण किती वेळ उभे राहायचो! तेव्हापासून मलाही ती हवी आहे. पण अस्सल मशीन घ्यायला नको, असंच सांगायला बसलोय.

गेल्या महिन्यात एका विक्रीत पाहिली. पांढरं प्लॅस्टिक इतकं पातळ की कोपऱ्यांना तडे गेलेले, आणि चालेल याची हमी नाही. मुळात विकलीच गेली थोडी. सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर काम केलेल्या रिचर्ड ऑल्टवॉसर आणि स्टीव्हन व्हिकर्स यांनी सिंक्लेअर सोडून १९८२ मध्ये ८९.९५ पौंडांना ती आणली. १९८३ मध्येच त्यांची कंपनी बुडाली आणि उरलेला माल १९८४ मध्ये बोल्डफील्ड नावाच्या कंपनीकडे गेला.

मार खाल्ला तो प्रोग्रॅम लिहायच्या भाषेमुळे. सगळं जग बेसिकमध्ये लिहीत होतं, हिच्यात फोर्थ. मासिकांत छापलेले प्रोग्रॅम चालेनात, स्पेक्ट्रमच्या कॅसेट चालेनात. वर रंग नाहीत आणि मेमरी ३ केबी. त्यातली २ पडदा आणि अक्षरांच्या आकारांत जाते, आपल्या वाट्याला १ केबीहूनही कमी.

पण विन्या, फोर्थ आपल्यासारखी बोलते रे! २ ३ + . लिहिलं की ५ उमटतात. दोन, तीन, मिळव, दाखव. क्रियापद शेवटी. आकडे भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक पडतात आणि वरचा आधी उचलला जातो. वर्ग हवा तर नवा शब्द घडवायचा, : वर्ग डप * ; आणि मग ५ वर्ग . म्हटलं की २५. ‘डप’ म्हणजे वरच्या आकड्याची आणखी एक प्रत. (एसला देवनागरी कळत नाही, हे तुझ्यासाठी मराठीत लिहिलंय.) बेसिकपेक्षा हे कितीतरी वेगाने पळतं. मला तर ही त्या काळातली सगळ्यात देखणी रचना वाटते.

आता मुद्द्याचं. स्पेक्ट्रममधला यूएलए, म्हणजे फक्त त्याच्यासाठी बनवलेला चिप, जळाला तर तोच शोधावा लागतो. एसमध्ये असा एकही खास चिप नाही. झेड८०ए हा प्रोसेसर, टीटीएल म्हणतात ते साधे लॉजिक चिप, २११४ हे मेमरी चिप, सगळं बाजारातलं. म्हणून ती घरी उभी करता येते. मिन्स्ट्रेल फोर्थ नावाचा एसशी जुळणारा बोर्ड निघालाय, तो मी बघतोय. झेड८० मात्र आत्ताच घेऊन ठेव. तो बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने मूळ झेड८० च्या ऑर्डर २०२४ च्या जूनमध्ये बंद केल्या. जुना साठा आहे, पण बनावट चिपही फिरतात. लॅमिंग्टन रोडला गेलास तर जुन्या बोर्डावरून काढलेला, चालतो हे तपासलेला घे.

सिंक्लेअरच्याच झेडएक्स८१ संगणकाची १६ केबीची मेमरी मात्र एसला थेट लावू नकोस. मागच्या कनेक्टरची जोडणी वेगळी आहे, मधे अ‍ॅडॅप्टर लागतो.

आणि माळ्यावरचा तुझ्या बाबांचा टेप रेकॉर्डर भंगारात दिला नाहीस ना? अजून असेल तर हेड पुसून ठेव. आपला पहिला शब्द कॅसेटवरच साठवायचा आहे मला.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुधीर