सनद गेली म्हणजे प्लॉट गेला नव्हे

संपादक महोदय, नमस्कार.

आमच्या गावच्या जत्रेत यंदा राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक आहे. गेली बावीस वर्षं प्रॉम्प्टिंग मीच करतो, पुस्तक माझ्या हातात, त्यामुळे कोण कुठे अडखळतो ते सगळ्यात आधी मला कळतं. यंदाची पोरं अडखळत नाहीत हीच पंचाईत आहे, वाक्यं घडाघडा पाठ पण तोंडावर काही नाही, कारण शब्दच कळलेला नसतो.

आता सुधाकराचंच घ्या. मुन्सफाशी, म्हणजे कोर्टातल्या न्यायाधीशाशी, खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते आणि तिथून दारू सुरू होते, सगळं नाटक त्यावर उभं. सुधाकर करणारा पोरगा ते इतकं थंड म्हणायचा की शेवटी पुस्तक मिटून विचारलं, बाबा, सनद म्हणजे काय? तर म्हणतो, "कन्व्हर्जनाची न्ही काका? ताचो प्लॉट गेलो." देवळाच्या अग्रशाळेत, जिथे आमची तालीम चालते, हशा पिकला, पण त्याचं तरी काय चुकलं, गोव्यात सनद म्हटली की शेतजमिनीचा प्लॉट करायचा कागदच डोळ्यासमोर येणार. पोरगा टॅक्सी चालवतो. म्हटलं उद्या तुझा बॅज काढून घेतला आणि गाडी दारात उभी राहिली तर? काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य त्याने म्हटलं तेव्हा पेटीवाले काका पान लावता लावता थांबले.

सुधाकराची बायको सिंधू, तिची वेगळीच गंमत. 'कशि या त्यजू पदाला'. नाटकवाल्यांकडे पद म्हणजे गाणं, त्यामुळे मुलीला वाटलं गाणं कसं सोडू. तिच्या भावाला वाटलं मंत्रिपद (ते मात्र आमच्याकडे खरंच कोणाला त्यजवत नाही, असो). नवऱ्याचे पाय सोडून कशी जाऊ म्हणतेय ती, हे सांगितलं तर पुढे 'पादयुग' आलं, त्यातलं युग तिने कलियुगातलं धरलेलं. युग म्हणजे जोडी, हे मलाही वडिलांनी सांगितलेलं, शाळेत नाही.

कमिटीतले काहीजण म्हणतात कशाला डोकेफोड, सोपं करून टाका, सनदच्या जागी लायसन घाला. गद्यात घालाल हो, पण पदात काय करणार, वि. सी. गुर्जरांची पदं चालीत बसलेली, एक मात्रा हलली तर तबलजी उठून जाईल. आणि गडकरी गेले २३ जानेवारी १९१९ ला, बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला फेब्रुवारीत बडोद्याला, म्हणजे बिचाऱ्याला स्वतःचं नाटक बघायलासुद्धा मिळालं नाही, त्याचे शब्द आता आम्ही काढायचे?

पोरं पाचवीपासून इंग्लिश मीडियमची, मराठी-मराठी कोश दिला तर अर्थाचाच अर्थ विचारतात. मग मोबाईलवर मोल्सवर्थचा शब्दकोश काढून दिला, १८५७ ची आवृत्ती नेटवर फुकट आहे, शब्द मराठी अर्थ इंग्लिश, आमच्या पोरांसाठीच केल्यासारखा. आता तालमीआधी दहा मिनिटं शब्द, मग चहा, मग प्रवेश, असं चाललंय. एक शब्द मात्र कोणालाच विचारावा लागला नाही, तळीराम. उलट तळीराम करणारा विचारतो, काका, ह्या माणसाचं नाव दारुड्यांवरून का ठेवलं? त्याला सांगावं लागलं की उलटं आहे रे, दारुड्यांना ह्याचं नाव पडलं. एक जानेवारीच्या पेपरात तुम्हीही छापताच की.

तर विनंती एवढीच, जत्रांचा सीझन आहे, गावोगाव जुनी नाटकं बसतायत, रविवारच्या पुरवणीत त्यातल्या पाच-सहा शब्दांना एक कोपरा द्या. अर्थ चार शब्दांत आणि कोणत्या प्रसंगात येतो ते दोन ओळींत, बास. यादी आमची पोरं पाठवतील, वहीची अठरा पानं भरलीत.

आमचा प्रयोग जत्रेच्या दुसऱ्या रात्री, दहा म्हणजे अकरा धरा, खुर्ची मात्र नऊला येऊन पकडावी लागेल.

आपला,
एक प्रॉम्प्टर, फोंडा तालुका