सिस्टर, तुम्ही मला ‘बस’ म्हणालात

आदरणीय सिस्टर,

या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय, हे काल आईकडून कळलं आणि रात्री झोप लागली नाही. २०११ पासून तुमचे आभार मानायचे राहिलेत. निकाल लागला त्या दिवशी पेढे घेऊन आरोग्य उपकेंद्रावर आले होते, पण तुम्ही फिरतीवर होतात. दाराच्या कडीला पुडा अडकवून परतले. मग सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला गेले ते गेलेच.

ते वर्ष मी उभ्यानं काढलं होतं. फीमध्ये सवलत मिळेल का विचारायला शहरातल्या क्लासच्या ऑफिसबाहेर तीन दिवस उभी होते. आत बोलावलं तेव्हा समोर खुर्ची रिकामी होती, तरी उभीच. सेवाग्रामची प्रवेश परीक्षा देणार म्हटल्यावर तिथले सर भर वर्गात म्हणाले, ‘खादी घालून झाडूच मारायचा, तर डॉक्टर कशाला व्हायचं?’ सगळा वर्ग हसला. त्या परीक्षेला तेव्हा गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. तो ‘आम्ही शिकवत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. तो अपमान मी विसरलेले नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही स्पष्ट सांगितलंत, ‘पुस्तकातलं मले नाही येत. लसीकरणाले चाल माह्यासंगं.’ लसीचा डबा माझ्या खांद्याला अडकवलात आणि चालू लागलात.

वस्तीतलं ते शेवटचं घर आठवतं? बाळाला दोन दिवस जुलाब होत होते आणि त्याची आई काही बोलतच नव्हती. मी दारात उभी राहून प्रश्नांवर प्रश्न विचारत होते. तुम्ही चपला बाहेर काढल्यात, सारवलेल्या जमिनीवर बसलात, बाळ मांडीवर घेतलंत आणि शेजारची जागा हातानं थोपटून मला म्हणालात, ‘बस व बाई. उभ्यानं इचारलं तं मानूस अर्धंच सांगते.’

मी बसले. मग ती बाई बोलायला लागली. सासूनं बाळाला पाणी देऊ नको म्हणून बजावलं होतं, हे तेव्हा कळलं. तुम्ही सासूलाच हाक मारलीत, तिच्याच हातानं लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालायला लावलंत. पहिला चमचाही तिच्याच हातानं पाजवलात. कुणाला रागावला नाहीत. गावाच्या आरोग्याबद्दल मला जे काही कळतं, त्याची सुरुवात त्या घरातली.

गांधीविचारांच्या पेपरात मी तेच घर लिहिलं. संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग झालेला असताना गांधीजींनी त्यांना सेवाग्रामच्या आश्रमात ठेवून घेतलं, स्वतःच्या हातानं मालिश केलं, हे वाचलेलं होतं. पण त्यासाठी रोज रोग्याजवळ बसावं लागलं असेल, हे तुमच्यामुळे सुचलं.

पुढं सगळं ओळखीचंच वाटत गेलं. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, हे कॉलेज खेड्यात काढलं. तिथं नव्या मुलांचं पहिलं शिबिर आश्रमातच होतं, मग कॉलेजनं दत्तक घेतलेल्या गावात राहायचं असतं. गावातल्या शिबिरात बाकीची मुलं अंगणात उभी राहून वह्या उघडत होती. मी चपला काढून आत गेले. तिथल्या आजीनं विचारलं, ‘कोनाची व तू?’ तुमचं नाव सांगावंसं वाटलं.

आजही वॉर्डात नवी मुलं खाटेपाशी उभ्यानं माहिती घेऊ लागली की मी स्टूल पुढं सरकवते. तुमच्यासारखं जमिनीवर थोपटायला तिथं जागा नसते.

निरोपाच्या कार्यक्रमाला हार, शाल, भाषणं होतील. मी आदल्या दिवशी येते, पेढे घेऊन. या वेळी कडीला अडकवणार नाही. फिरतीवर असाल तर ओसरीवर बसून राहीन.

तुमची,
लसीचा डबा उचलणारी पोरगी